कैनाडहून आलेला तांब्या

मला त्या मशीनचा राग होता, खोटं कशाला बोलू? डहाणूच्या आमच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं ठरावीक ताकदीची द्रावणं मी हाताने बनवली. त्यांच्यावरूनच यंत्राला मोजायला शिकवायचं. तिथे चुकलं की पुढचं सगळं चुकलं. आता हे नवं मशीन द्रावणं स्वतःच पातळ करणार, माप स्वतःच लावणार, वर स्वतःची चूकही स्वतःच तपासणार. मी काय, नुसत्या बाटल्या मांडायच्या?

त्याच आठवड्यात कैनाडच्या एका पाड्यावरून मावशी आल्या. हातात विहिरीच्या पाण्याचा तांब्या, वर केळीचं पान बांधलेलं. पिण्याच्या पाण्याची पाड्याला ती एकच विहीर. दुसरी पार टेकडीपलीकडे. "नीट बघ गो बाय," एवढंच म्हणाल्या. पाणी आमच्या बाटलीतच आणायचं असा नियम आहे, पण इतक्या मानाने आणलेलं परत कसं पाठवू? घेतलं.

मशीनमधली ज्योत सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही तापलेली. तिच्यात पाण्याचा फवारा गेला की प्रत्येक धातू आपापला उजेड देतो. माझा चहा संपायच्या आत सगळ्या धातूंचे आकडे समोर! बाकी ठीक, तांबं मात्र भलतंच वर. इतकं, की मशीनने आपणहून पाणी पातळ करून पुन्हा मोजलं.

"बघा, चुकलं की नाही!" मी सगळ्यांना ऐकवलं. दिवसभर बसून जुन्या पद्धतीने द्रावणं केली, मोजलं. आकडा तोच. अहो, अगदी तोच! मी चक्क मशीनला हात जोडले. पण आकडा खरा म्हणजे विहीर बंद.

अहवालावर सही करायला बसले आणि टेबलावरचा रिकामा तांब्या दिसला. अस्सल तांब्याचा, लखलखीत. मावशींना फोन लावला.

"चिंचेने घासलात का हो?"

"मग! ऑफिसात न्यायचं पाणी. आदल्या दिवशीच घासून भरून ठेवलेला."

चिंचेच्या आंबटाने भांड्याचं तांबं पाण्यात उतरलं होतं. मावशींनी घासून दाखवलेला आदर त्या ज्योतीला दिसला होता!

दुसऱ्या दिवशी धुतलेली बाटली घेऊन मीच विहिरीवर गेले. नव्या पाण्यात तांबं जवळपास नव्हतंच. अहवाल द्यायला गेले तर मावशींनी ग्लास पुढे केला.

"आधी तू पी."

इतकी वर्षं पाणी तपासलं, पण तपासलेल्या विहिरीचं पाणी कधी प्यायले नव्हते. प्यायले. गोड होतं हो.