समोर बसायला माणूस आहे

"तुम्ही बुद्धिबळ मंडळाचे चिटणीस ना? मधूकाका दार उघडत नाहीत हो. दुधाच्या पिशव्या बाहेर तशाच पडल्यायत…" मधूच्या शेजारीणबाई फोनवर रडवेल्या झाल्या होत्या. त्यांच्याकडे मधूचा नंबर नव्हता, पण आमच्या मंडळाचं कौतुक त्याच्या तोंडून रोजचंच. म्हणून त्यांनी मंडळाची वेबसाइट उघडून तिथला पहिला नंबर लावला, आणि बंद दाराच्या आत फोन वाजायला लागला. तो नंबर मधूचाच होता. मग त्यांनी खालचा लावला, माझा.

दार फोडलं. आदल्या दिवशीच गेला असावा, हृदयविकारानं, असं डॉक्टर म्हणाले. छताला गळती लागली म्हणून मंडळ आठवडाभर बंद होतं, त्यामुळे मधू दिसला नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. मला त्या दिवसापासून आमच्या सगळ्यांचा राग येतो, आणि तो जात नाही.

मधू मूळचा हेदवीचा. मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात त्यानं जन्मभर हिशेब लिहिले. तरुणपणी तो पहिल्यांदा मंडळात आला तेव्हा तासभर दारातच उभा होता, कुणी मान वर केली नाही. हे तो हसून सांगायचा, पण विसरला नव्हता. पुढे मी हौसेनं वेबसाइट बनवली आणि आजी-माजी अध्यक्षांचे फोटो, ढाली, करंडक सगळं वर लावलं. मधूनं ती शांतपणे पाहिली आणि म्हणाला, "मेल्या, ह्या फोटोतल्यांनी कधी नवीन माणसाला पाणी तरी विचारलंनी काय? येणाऱ्यानं यायचं कसं, बसायचं कुठं, ते लिही की!"

शेवटी ते पान त्यानंच लिहिलं. पिठाच्या गिरणीशेजारचा जिना चढा. चपला आत आणा, बाहेर ठेवल्यात तर कुत्रा नेतो. खेळ येत नसेल तरी चालेल, शिकवू. हरलात तर चहा आमचा. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: 'एकटे या. समोर बसायला माणूस आहे.' अध्यक्षांना ते पोरकट वाटलं. पण माणसं यायला लागली. बदली होऊन आलेली एक नर्स दारात थबकून म्हणाली, "ते वेबसाइटवर लिहिलंय, ते खरंच आहे का?" मधू तोवर उठून उभा राहिला होता. जिन्यावर पाऊल वाजलं की तो उठायचाच, डाव कितीही रंगात असो. त्यापायी कितीतरी जिंकलेले डाव हरला, आणि आम्ही त्याची यथेच्छ टिंगल केली.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "ती ओळ काढून टाका आता. बसणार कोण रोज? उगाच कुणी यायचा आणि परत जायचा." प्रत्येकाला घर होतं, नातवंडं होती… मी घरी येऊन कॉम्प्युटर उघडला. मधूचा नंबर पुसला. त्याच्या जागी खालचा माझा वर घेतला. ओळ मात्र माझ्याच्यानं पुसवेना.

तेव्हापासून संध्याकाळी मी त्याच्या खुर्चीत बसतो. एक हात मोडलेली, भिंतीजवळची खुर्ची. पंख्याचा वारा तिथवर येत नाही. हा इथंच का बसतो, याचं आम्हाला नवल वाटायचं. तिथं बसल्यावर कळलं: खोलीत तेवढ्या एकाच खुर्चीतून जिना दिसतो. एवढी वर्षं तो येणाऱ्याची वाट बघत बसला, आणि शेवटी त्याच्या दाराशी जायला आमच्यापैकी एकाचेही पाय वळले नाहीत.

बरेच दिवस कुणी आलं नाही. मी एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचो. काल जिन्यावर पाऊल वाजलं, आणि माणूस दिसायच्या आत मी उठून उभा होतो.