ओढणी मागितली का कोणी?

कापसाच्या दिवसांत शेतातून घरी आलं की शर्ट झटकायचा, पँट झटकायची, तरी सकाळी खिशात हात घातला की बोटाला थोडा कापूस लागतोच. आमच्या वर्कशॉपच्या गोष्टींचं तसंच झालंय. मी ठरवतो, आता पुरे, लोकांना पिडायचं नाही. तेवढ्यात चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारतं, "काय रे, तुमचं ते ओढायचं मशीन कुठपर्यंत आलं?" मग माझा एक तास जातो आणि विचारणाऱ्याचाही.

आधी मशीन म्हणजे काय ते सांगतो. जळगावच्या एमआयडीसीत आमच्या प्रभाकर भाऊंचं कूलर बनवायचं वर्कशॉप आहे. मी तिथे वेल्डर. एका उन्हाळ्यात भाऊंच्या डोक्यात आलं की कूलरचा पंखा हवा फेकतो, तर उलटा बसवला की ओढेल. त्यातून पाठीवर घ्यायचं एक यंत्र तयार झालं. मागे पेट्रोलचं छोटं इंजिन, हातात लांब नळी, कमरेला जाळीची पिशवी. फुटलेल्या बोंडासमोर नळी धरायची, की कापूस सुर्रकन आत. म्हणजे असं भाऊंचं म्हणणं होतं.

भाऊंनी एक अट घातली. मशीन विकायचं नाही, दिवाळीपर्यंत नुसतं गावोगाव फिरवायचं. वेचणाऱ्या एका तरी बाईनं स्वतःच्या तोंडानं ते मागितलं तर पुढे बनवायचं आणि मी ते दाखवत फिरायचं, नाही मागितलं तर पंखा पुन्हा सुलटा. पंखा सुलटा म्हणजे मी पुन्हा वेल्डिंगला. डॉक्टरांनी मला वेल्डिंग कायमचं बंद करायला सांगितलं होतं, त्यामुळे माझे उरलेसुरले डोळे त्या एका बाईकडे लागले होते. भाऊ रोज संध्याकाळी फोन करायचे आणि एकच विचारायचे, "मागितलं का कोणी?"

* * *

मशीनला इंग्रजी नाव द्यायचं नाही, हा भाऊंचा हट्ट. पेरणी असते, कापणी असते, मळणी असते, तशी ही ओढणी. नाव ठरलं 'कापूस ओढणी यंत्र'. पत्रकं छापायला दिली. छापखानेवाल्याला जागा कमी पडली म्हणून त्यानं 'यंत्र' हा शब्द पार खाली, पत्त्याच्या शेजारी नेऊन बसवला. वर मोठ्या अक्षरांत राहिलं, 'महिलांसाठी कापूस ओढणी! मोफत पाहा, हाताळा!'

पारोळ्याच्या बाजाराच्या दिवशी मी टेबल मांडून बसलो, तर ही गर्दी! सगळ्यात पुढे सुमन अक्का. साठीच्या, दहा-बारा बायांची टोळी घेऊन वेचणीला जाणाऱ्या. मशीन अजून खोक्यात होतं. अक्कांनी खोक्याकडे बघत विचारलं, "कॉटननी शे ना?"

मी छाती फुगवून म्हटलं, "शंभर टक्के कॉटन, अक्का. दुसरं काही चालतच नाही."

रंग विचारला. लाल, म्हटलं, दोन हात मारलेत. धुतल्यावर रंग जाईल का, असं एका बाईनं विचारलं. मी सांगितलं की धुवायचं नाहीच, ओल्या फडक्यानं पुसायचं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं, लेकीला द्यायची आहे, अंगावर घ्यायची कशी, ते विचारलं. मी म्हटलं, पाठीवर टाकायची, दोन्ही खांद्यांवरून पट्टे घ्यायचे आणि छातीशी आवळायचे. वजन फक्त साडेसात किलो.

अक्का शांतपणे मागे वळल्या. "चला वं," त्या बायांना म्हणाल्या, "साडेसात किलोनी ओढणी जी पोर घेई, ती आपली नही."

त्या दिवसापासून पारोळा तालुक्यात माझं नाव ओढणीवाला पडलं. बायकोला हे तिच्या मावसबहिणीकडून कळलं. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

* * *

अक्कांना माझी दया आली असावी. त्यांनी मला वसंत नानांच्या शेतात यायला सांगितलं. त्यांची टोळी तिथेच वेचणीला जायची.

नाना पंच्याहत्तरीचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन करायला तयार नाहीत. बांधावरच्या निंबाखाली खुर्ची टाकून बसायचे. पायातल्या चपलेपलीकडचं दिसत नव्हतं, पण कान असे की तिसाव्या ओळीत कोणी कुजबुजलं तरी इकडून नावानिशी हाक यायची. किलोवर वेचायला दिलं की बाया काडीकचरा भरतात असा त्यांचा संशय, म्हणून त्यांच्याकडे वेचणी रोजानं. आणि रोजानं म्हटल्यावर बोलायचं नाही. तोंड चाललं की हात थांबतो असा त्यांचा ठाम समज होता. त्यामुळे अकरा बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुक्यानं वेचायच्या. मला पहिल्या दिवशी वाटलं, कोणाचं तरी कोणी वारलं असेल.

नानांना मात्र नव्या वस्तूचा भारी सोस. मशीन सुरू केल्यावर ते नळीत कान घालून ऐकायला वाकले आणि डोक्यावरची टोपी सुर्रकन आत गेली. मी घाबरून इंजिन बंद केलं. नानांनी डोक्यावर हात फिरवून खात्री करून घेतली.

"गयी?"

"गेली, नाना."

नानांनी नळी चाचपून पाहिली. मग म्हणाले, "पांढरं ते बठ्ठं ओढस. चांगलं शे."

पांढरं सगळं ओढतं म्हटल्यावर नाना तेव्हापासून पक्के आमचे झाले. पण भाऊंची अट नानांनी मागण्याची नव्हती.

* * *

प्रत्यक्ष वेचणीचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी. मी पाठीवर मशीन घेऊन उभा राहिलो. अक्कांनी माझ्या कमरेची जाळीची पिशवी हातानं चाचपली. बाया वेचताना कमरेला जी कापडाची झोळी बांधतात तिला त्या ओटीच म्हणतात. अक्का मैत्रिणींकडे वळून म्हणाल्या, "हिलेबी ओटी शे!"

ओटी आहे म्हणजे बाई आहे, आणि बाई पहिल्यांदा शेतात आली म्हणजे तिची ओटी भरायला पाहिजे. हे इतक्या झटपट ठरलं की मला मधे बोलायला जागाच मिळाली नाही. अर्ध्या तासात तांदूळ, हळद-कुंकू, खण आणि नारळ आला. नानांनी हुकूम सोडला की यंत्र चालू ठेवूनच भरा, जिवंत वाटलं पाहिजे.

अक्कांनी कुंकू नळीच्या तोंडाला लावायला बोट पुढे केलं, तर डबीतलं सगळं कुंकू गेलं. मग ओंजळीतले तांदूळ गेले. खण तर हातातून निसटला तो थेट पिशवीत जाऊन पडला. बायांचे डोळे विस्फारले. इतक्या मनापासून ओटी घेणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. शेवटी नारळ पुढे केला. तो नळीच्या तोंडात घट्ट बसला, इंजिननं दोन आचके दिले आणि बंद पडलं.

"पोट भरनं तिनं," अक्का म्हणाल्या.

नारळ काढायला गेलो तर अकराच्या अकरा जणींनी मला अडवलं. भरलेली ओटी दिवस मावळायच्या आत रिकामी करत नाहीत. मी दिवसभर नारळ धरून बांधावर बसलो. संध्याकाळी भाऊंचा फोन आला. आज काय काय ओढलं, असं त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मागितलं का कोणी?"

* * *

तोवर भाऊंनी आणखी पाच मशीनं आठ-आठ दिवसांसाठी इकडेतिकडे दिली होती. सोबत एक फॉर्म. त्यात एक रकाना होता, 'यंत्र कोणत्या कामासाठी वापरले?' भाऊंना वाटलं, सगळे 'कापूस वेचणी'च लिहितील. मग हा रकाना ठेवलाच कशाला, असं मी त्यांना म्हटलंही होतं.

फॉर्म परत आले. रावेरकडच्या केळीवाल्यानं लिहिलं होतं, 'माळ्यावरची जळमटे.' त्याच्याकडे कापूसच नव्हता, हे आम्हाला नंतर कळलं. धुळ्याच्या एका मास्तरांनी लिहिलं, 'पत्नीचे कानातले गव्हाच्या कोठीत पडले होते. कानातले मिळाले. गहू परत भरत आहोत.' डाळ मिलमधल्या एकानं टरफलं ओढली आणि वर शेरा मारला, 'उत्तम. पण डाळही जाते.' एका गादीवाल्यानं पंखा पुन्हा सुलटा करून घेतला होता आणि तो त्यातून गाद्यांत कापूस भरत होता. पाचव्या फॉर्मवर फक्त 'लग्न' एवढंच लिहिलं होतं. आम्ही फोन करून विचारलं नाही.

भाऊंनी पाचही फॉर्म फाईलला लावले. म्हणाले, "वापरतायत ना? एवढं कळलं." मला पहिल्यांदा त्यांचं वाईट वाटलं.

* * *

दिवाळीला आठ दिवस उरले तेव्हा भाऊ स्वतः नानांच्या शेतात आले. इस्त्रीचा सफारी, पायात बूट. मशीन पाठीवर घेतलं आणि अक्कांना म्हणाले, "एक ओळ तुमची, एक माझी. बघूच."

इंजिन सुरू झालं. कानठळ्या बसतील असा आवाज. भाऊ एकेका बोंडासमोर नळी नेमानं धरत होते. निम्मा कापूस यायचा, निम्मा बोंडात अडकून राहायचा, सुका पाला मात्र सगळा यायचा. एक टोळही आला. अक्का आपली ओळ संपवून वळल्या, भाऊंच्या ओळीला पलीकडच्या टोकानं लागल्या आणि मध्यावर त्यांना येऊन भेटल्या. तिथेच उभ्या राहून त्यांनी भाऊंच्या पिशवीतला कापूस काढला, पाला निवडून बाजूला केला, कापूस परत त्यांच्याच पिशवीत भरला. बाकीच्या बाया लांब काम करत खदाखदा हसत होत्या. मला वाटलं, आमच्यावर हसतायत. नाना इंजिनच्या आवाजाकडे कान लावून खुर्चीत डोलत होते.

इंजिन बंद झालं तसं शेतही गप्प झालं. अक्का भाऊंना म्हणाल्या, "मना हात मुका शेतस, भाऊ. तुनी मशीननं तोंड बंद व्हत नही."

भाऊ बांधावर बसले. मला म्हणाले, आई कापूस वेचायची तेव्हा बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी तिची बोटं फाटायची. संध्याकाळी भाकरीच्या पिठात मीठ घालताना ती हात मागे घ्यायची. म्हणून हे सगळं. इतक्या वर्षांत त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं माझ्या डोळ्यांसाठीही आलं.

* * *

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी वर्कशॉपच्या दारात रिक्षा थांबली. सुमन अक्का उतरल्या. पारोळ्याहून एसटीनं जळगाव, तिथून रिक्षा. आत आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, ती ओढणी माले दे."

भाऊंनी पुन्हा विचारलं. अक्कांनी पुन्हा सांगितलं. भाऊंनी टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि मला मिठी मारली. मग अक्कांच्या पाया पडले. मशीन गाडीत घालून मी त्यांना शेतापर्यंत सोडलं. मला मात्र त्यांनी आत येऊ दिलं नाही. चालू कसं करायचं तेवढं दाखवून घेतलं आणि जा म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी भाऊंनी मला पाठवलं. मशीन पाठीवर घेतलेल्या अक्कांचा एक फोटो पाहिजे होता, मोठा करून वर्कशॉपमध्ये लावायला.

इंजिनचा आवाज रस्त्यापासूनच येत होता. नाना निंबाखाली, चेहऱ्यावर समाधान. मी जवळ जाऊन नाव सांगितलं तसे म्हणाले, "आयक. कसं काम चाली ऱ्हायनं."

मी ओळींतून पुढे गेलो. शेताच्या मधोमध एक बोरीचं झाड आहे. मशीन त्या झाडाच्या फांदीला पट्ट्यांनी टांगलेलं, नळी आभाळाकडे, जोरात हवा ओढत होतं. भोवती अकरा बाया दोन्ही हातांनी वेचत होत्या आणि अकराच्या अकरा बोलत होत्या. एकीच्या लेकीचं जमलं होतं, एकीची सासू दवाखान्यात होती, कोणाच्या तरी सुनेचं काहीतरी भयंकर होतं, ते मला नीट कळलं नाही. कमलबाई नावाच्या एकीला मी महिनाभर मुकी समजत होतो, ती तर सगळ्यांत मोठ्यानं बोलत होती. आणि झाडाखाली कापसाचा ढीग रोजच्या दीडपट लागला होता.

तेवढ्यात भाऊंचा फोन आला. चालू आहे का, म्हणाले. मी फोन झाडाकडे धरला. त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "आईला ऐकवायला पाहिजे होतं रे."

अक्कांनी मला पाहिलं. हातातला कापूस ओटीत टाकत जवळ आल्या, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, "आखो दोन शेतस का? एकना आवाज त्या टोकलगून पोचत नही."