वंदनाचं दुव्यांचं पान

वंदना गेल्याची बातमी आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर आली, तीही 'शुभ सकाळ'च्या दोन गुलाबांच्या मध्ये. सांगायची लाज वाटते, पण माझ्या मनात पहिलं हेच आलं : ती असती तर तिनं हा स्क्रीनशॉट जपून ठेवला असता... आणि त्यावर माझ्याआधी काहीतरी नेमकं लिहिलं असतं.

आम्ही दोघी समुद्रपूरच्या, एकाच एसटीनं हिंगणघाटच्या कॉलेजात जायचो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मी व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डवर पीएचडी केली, याचा मला अभिमान आहे. वंदना बीए होऊन लग्नानंतर वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेला गेली, आणि तिथं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिनं इंटरनेटवर एक पान सुरू केलं. मीम, फॉरवर्ड, कमेंटमधली भांडणं यांचा अभ्यास करायचा असेल तर कुठं काय वाचायला मिळेल, त्याची यादी. फुकटातली नियतकालिकं, जुन्या साइटचे साठे, लोकांच्या पोस्ट न विचारता वापराव्यात का यावरचे लेख... प्रत्येक दुव्याखाली, म्हणजे लिंकखाली, मराठीत एक ओळ : 'इंग्रजी जड आहे. तिसऱ्या प्रकरणापासून सुरू कर.'

दर रविवारी चहानंतर ती एकेक दुवा दाबून पाहायची. उघडला नाही तर पुसायची नाही, खाली लिहायची, 'बंद पडलं', आणि तिथं काय होतं ते.

"मेलेले दुवे काऊन ठेवून राह्यली वं?" मी एकदा हसले.

"अवं डॉक्टरीण बाई, इथं काय होतं ते तं समजलं पाह्यजे ना कोणाले!"

माझा प्रबंध त्याच यादीवर उभा राहिला. संदर्भसूचीत मी सगळे लेख दिले, तिचं पान दिलं नाही. घरी बसलेल्या बाईच्या पानावरून पीएचडी झाली, असं कोणी म्हणू नये म्हणून. नागपूरच्या एका चर्चासत्रात परगावच्या एका बाईंनी विचारलं, "वर्ध्याकडच्या ना तुम्ही? मग ते दुव्यांचं पान चालवणाऱ्या ताई ओळखीच्या असतील?" मी म्हटलं, "नाव ऐकलंय." माझ्या पेपरबद्दल मात्र कोणी काही विचारलं नाही. तो प्रबंध वंदनाला नेऊन दिला, तेव्हा तिनं सूचीवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाली, "छपाई मस्त झाली वं." मग चहा ठेवायला उठली...

ती गेल्यावर महिन्यानं तिच्या घरी भेटायला गेले तर तिच्या नवऱ्यानं लॅपटॉप पुढे केला. "ताई, हे तुम्हीच पाहा. मले यातलं काई समजत नाई." यादीत माझा प्रबंध होता. खाली तिची ओळ : 'आमच्या समुद्रपूरची पोरगी. फॉरवर्ड पाठवणाऱ्या बायांच्या घरी जाऊन बोलली आहे. आधी हे वाच.' माझ्या परीक्षकांना दोन पानांत जे जमलं नाही, ते हिनं तीन वाक्यांत केलं होतं. डोळ्यांत पाणी होतं, तरी हेवा वाटलाच.

आता रविवारी चहानंतर ते पान उघडून मी बसते. पहिल्याच रविवारी माझ्या प्रबंधाचा दुवा दाबला, तर उघडेना. ग्रंथालयाची साइट बदललेली. नवा पत्ता मी शोधला, पण तिच्या रीतीनं जुन्याखालीही लिहिलं : 'बंद पडलं. इथं एक प्रबंध होता. तो याच पानावर उभा राहिला. हे पान करणाऱ्या वंदनाचं नाव त्यात नव्हतं.'

चारदा खोडून लिहिलं. तिनं हे अर्ध्या ओळीत लिहिलं असतं.