भाग न जाणारा नंबर

माझा मोबाईल नंबर मूळ संख्या आहे. दहा आकडी, आणि एक व ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी. गणिताच्या मास्तराला असले चाळे सुचतात. लाखाच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, एकीनेही पूर्ण भाग गेला नाही की झालं. हातानं करायला बसलो असतो तर म्हातारा झालो असतो. कॉम्प्युटरनं चुटकीसरशी सांगितलं.

वडिलांचं म्हणणं वेगळं होतं. माजलगावच्या दुकानदारानं त्यांच्या शब्दाखातर बेरीज नऊ येणारा नंबर बाजूला काढून ठेवला होता. आमच्याकडे गाडी असो की सिम, बेरीज नऊ आली की माणूस खूश. मी तिथंच काउंटरवर तास घेतला. आकड्यांची बेरीज नऊ आली की त्या संख्येला नऊनं भाग जातोच, ती मूळ असूच शकत नाही.

"आन ह्याला?" मी निवडलेल्या नंबरावर बोट ठेवत त्यांनी विचारलं.

"ह्याला कशानंच जात नाही."

ते गप्प बसले. मला वाटलं, रुसले.

मी बीडच्या कॉलेजात नोकरीला, ते गावी दिंद्रुडला. निघताना म्हणालो, "आता तुम्ही फोन करायचा, बाबा." त्यांनी नंबर पाठ केला. पोराचा नंबर फोनमध्ये साठवणं त्यांना कमीपणाचं वाटे. फोन काही आला नाही. मग मीही केला नाही. बापलेक एकाच मातीचे, आधी वाकणार कोण? दिवाळीला गेलो की म्हणायचे, "तू लई कामाचा मानूस." तो टोमणा मला झोंबायचा. मी तोंड पाडून परत यायचो.

या उन्हाळ्यात ते गेले. दहावं झालं, नि त्यांचा फोन वाजला.

"काका, लई दिवस झाले, फोन न्हाई?"

कारखान्यावर उसाचा ट्रक चालवणारा माणूस होता. मी स्क्रीनवर पाहिलं. नंबर सगळा माझाच, फक्त शेवटी त्रेचाळीसच्या जागी चौतीस. सम संख्या. दोननंच भाग जाणारी.

मी त्यांचा मुलगा, बाबा गेले, असं सांगितलं.

"मी लई येळा सांगितलं, सर, राँग नंबर हाय म्हनून. ऐकायचेच न्हाईत. म्हनायचे, माझ्या पोराचा नंबर हाय, त्याला कशानंच भाग जात न्हाई, चुकंल कसा?"

ते रुसले नव्हतेच. परक्या माणसापुढं माझी फुशारकी मारत होते. मला रडू आवरेना.

"त्यांना वाटायचं, मी तुमच्या कॉलेजातला कुनीतरी हाय. पोरगं तासावर असंल, म्हनायचे. आलं की सांगा, बापाचा फोन आलता."

"मग सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"मी कुठं सांगनार, सर? मला तुमचा नंबर कुठं ठाव होता?"