लाईन चालू असलेलं गाव

टेलिफोनच्या नोकरीतली पहिली काही वर्षं मी फक्त तपासणी केली. रोज सकाळी आठ वाजता टेस्टच्या टेबलासमोर बसायचं, तालुक्यातल्या एकेका गावाच्या लाईनीची खटकी दाबायची, मीटरचा काटा कुठवर जातो ते बघायचं आणि मग घंटी द्यायची. पलीकडं कुणीतरी फोन उचलून ‘चालू हाय’ म्हणालं, की वहीत त्या गावापुढं बरोबरची खूण. काटा हललाच नाही तर तार तुटली, भलताच पुढं गेला तर तारेला तार चिकटली. मग तक्रारीची चिठ्ठी फाडायची, लाईनमनच्या खोक्यात टाकायची आणि पुढच्या गावाची खटकी दाबायची. मी स्वभावानं तापट. शाळेत असताना दोघांचे दात पाडले होते. त्यामुळं असलं थंड काम मला मिळालं याचं मायला फार समाधान होतं.

गावात फोन एकच असायचा आणि तो कुठं असायचा हे सांगायला हवं. ज्याचं घर दगडी, ज्याच्या ओसरीला कुलूप लागतं, त्याच्याकडं. बहुतेक गावांत ते घर पाटलाचं. बौद्धवाड्यात फोन असलेलं एकही गाव माझ्या वहीत नव्हतं. मी स्वतः बौद्धवाड्यात जन्मलेला, पण तेव्हा मला याचं काही वाटलं नाही. फोन कोरडा राहतो ना, एवढंच मी बघत होतो.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्या पावसाळ्यात मराठवाड्यात आमच्या वस्त्या जाळायला सुरुवात झाली. एका सकाळी एका गावाचा काटा हलला नाही. मी सवयीप्रमाणं चिठ्ठी फाडली आणि खोक्यात टाकली. आमचा लाईनमन पन्नाशीचा, नमाजी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो दहाला आला, चिठ्ठी घेतली, शिडी सायकलला बांधली आणि गेला. तार पक्कडीनं कापलेली होती. त्यानं खांबावर चढून एक टोक जोडलं तोवर पाच-सहा जणांनी खालून शिडी ओढली. तो खांद्यावर पडला. त्याला त्याच्याच शिडीच्या पायरीनं मारलं. मारताना विचारत होते, कुणाला फोन लावायला आलास. चिखलात पडल्या पडल्या त्याला समोरचा बौद्धवाडा दिसला. छपरं खाली बसली होती आणि दावणीला बांधलेली शेळी दाव्यासकट जळाली होती.

संध्याकाळी त्याला बैलगाडीतून आणलं. गळपट्टीचं हाड मोडलेलं, एक कान फाटलेला. मी दवाखान्यात गेलो तर माझ्याकडं बघून तो म्हणाला, “तार पहाटंच तोडली व्हती. तुमच्या काट्याला आठला समजलं. मंग तुमी कुनाला सांगितलं?”

“तुम्हालाच.”

“मी काय पलटण हाय का, साहेब?”

माझं डोकंच फिरलं. त्याच्यावर नाही, त्या लाकडी खोक्यावर. दोन तास चिठ्ठी त्यात पडून होती आणि त्या दोन तासांत तिकडं माणसं जळत होती. एक्सचेंजात परत जाऊन मी ते खोकं लाथेनं फोडलं. तिथून सरळ ठाण्यात गेलो.

फौजदार नवीन बदलून आलेला होता. त्यानं मला बसवून घेतलं. मी त्याला सांगितलं की हल्ली तार तुटते ती वाऱ्यानं नाही. आधी तार तोडतात आणि मग वस्तीवर येतात. म्हणजे काटा उठला नाही, पडला, की ती घटनाच धरायची. त्याला ते तिथल्या तिथं पटलं. आमच्या इंजिनिअरनं तोंड वाकडं करून सही दिली आणि दोन दिवसांत आम्ही माझ्या टेस्टच्या टेबलापासून ठाण्याच्या टेबलापर्यंत एक वेगळी तार ओढली. ठाण्यात तिच्या शेजारी घटनांची वही ठेवली. काटा पडला की मी हँडल फिरवायचं, जमादारानं गाव आणि वेळ वहीत लिहायची आणि जीप काढायची. मध्ये चिठ्ठी नाही, खोकं नाही, विचारपूस नाही.

चौथ्याच दिवशी काटा पडला. जीप गेली तेव्हा साठ-सत्तर जण रॉकेलचे डबे आणि कुऱ्हाडी घेऊन ओढा उतरत होते. दगडांनी जीपची काच फुटली, एका शिपायाचा डोळा गेला. पोलिसांनी मग हात राखला नाही. ओढ्यात पाडून पाडून मारलं. पण वस्तीतलं एक छप्परसुद्धा जळालं नाही. कुणाकुणाची डोकी कशी फुटली हे मी त्या शिपायांकडून तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा मला गार वाटलं. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली होती.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, ताडकळसच्या रस्त्यानं आत गेलं की लागणाऱ्या एका गावात दिलेली. त्याही गावचा फोन पाटलाच्या ओसरीवर. तपासणी उरकून मी भाकरीला घरी यायचो तर माय दारातच उभी. रोज एकच विचारायची, “आक्काचं गाव?” मी म्हणायचो, चालू हाय. मग ती चुलीपुढं बसायची. एकदा ती म्हणाली की आक्काला आणि दाजींना इकडं घेऊन ये, गाव थंड होईस्तोवर राहतील. दाजींचं म्हणणं होतं की एकदा वस्ती सोडली तर परत पाय ठेवू देणार नाहीत. मी दाजींची बाजू घेतली. मायला म्हणालो की लाईन चालू आहे तोवर तिथं काही होत नाही, आणि पडली तर पाऊण तासात जीप पोचते. हे मी असं सांगितलं, जसं काही जीप माझ्या बापाची होती.

पण तारा काय फक्त दंगेखोरच तोडतात का. पावसानं झाडं पडत होती, बैल खांबाला अंग घासत होते, तांब्यासाठी तारा चोरणारेही मोकाट होते. प्रत्येक वेळी मी हँडल फिरवायचो आणि जीप चिखलात रुतत जायची. एकदा जमादारानं मला एक्सचेंजात येऊन झापलं. तुमच्या मीटरला बैल दिसतो का माणूस, म्हणाला. जीप एक, शिपाई मोजके, आणि फौजदाराच्या नाकी नऊ आलेले. शेवटी त्यानंच तोड काढली. आजवर शिपाई सगळ्या गावांतून पाळीपाळीनं फेरी मारत होते. आता काटा पडलेल्या गावांत जीप आणि शिपाई दोन्ही जातील. जिथं लाईन चालू, तिथली त्या दिवशीची फेरी बंद. चालू गावांची यादी रोज सकाळी मी द्यायची.

मी दिली. माझ्याच हातानं, सुवाच्य अक्षरात, कार्बन घालून दिली. फौजदार म्हणाला की तुमच्यामुळं आमची अर्धी धावपळ वाचली. त्या वाक्यावर मी आठवडाभर पाठ थोपटून घेतली.

आणि ही गोष्ट गुपित कशी राहणार? बाजाराच्या दिवशी शिपाई हॉटेलात चहा पीत गमतीनं सांगायचे, तार तोडली की आमची जीप निघालीच बघा. चार टेबलांवर चार गावचे लोक बसलेले असायचे. ज्यांना ऐकायचं त्यांनी ऐकलं. तार तुटली तरच जीप येते, शाबूत असली तर फेरीसुद्धा नाही, हे त्यांना बसल्या जागी समजलं. तारा तुटायच्या थांबल्या. माझ्या वहीत ओळीनं बरोबरच्या खुणा पडायला लागल्या आणि मला वाटलं, दंगल ओसरली.

त्या सकाळी फक्त एका गावाचा काटा पडला, पार दुसऱ्या टोकाच्या. मी ठाण्याला सांगितलं, जीप तिकडं गेली. आक्काच्या गावचा काटा एकदम जागेवर, हवा तिथवर गेलेला. घंटी दिली. जरा वेळानं उचलला. धापा टाकल्यासारखा एक गडी म्हणाला, ‘चालू हाय.’ मी खूण केली, यादी लिहून ठाण्यात धाडली, घरी गेलो, मायला सांगितलं आणि भाकरी खाल्ली. लसणाची चटणी होती, मी तीन भाकरी खाल्ल्या.

दुपारी ताडकळसकडून आलेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरनं स्टँडवर सांगितलं की त्या बाजूला धूर दिसतोय. ठाण्यात फोन केला तर जीप आलेली नव्हती. काटा पडलेल्या त्या गावाकडं बाभळीचं झाड तारेवर पडलं होतं आणि सगळे ते तोडत बसले होते. जीप आली की आक्काच्या गावाला धाडा, असं जमादाराला सांगून ठेवलं. मी एक मालट्रक अडवला आणि फाट्यावर उतरून उरलेलं चिखलातून पळत गेलो. बौद्धवाड्यात माणूस नव्हता. भिंती काळ्या, ज्वारीच्या कणग्या अजून आतून धुमसत होत्या आणि त्याचा खरपूस वास येत होता. मला त्या वासाची आजही शिसारी येते. लोक उसाच्या फडात लपले होते. आक्का तिथंच सापडली. तिचा डावा हात कोपराच्या खाली भलतीकडंच वळलेला होता आणि तिला बोलता येत नव्हतं. दाजी पाटलाच्या अंगणात पडले होते. त्यांचा चेहरा मी इथं लिहीत नाही.

पाटील ओसरीवर बसलेला होता. फोन त्याच्या शेजारी, कोनाड्यात, त्याच्यावर विणलेला रुमाल. मी टेलिफोनवाला आहे हे त्याला माझ्या कमरेच्या, खात्याच्या पट्ट्यावरून ओळखू आलं. तो शांतपणे म्हणाला, “फोनला काय झालं न्हाई. बघा तपासून.”

मी तपासला. हँडलसकट उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. तो मागं पडला तरी हाणत राहिलो, बॅकेलाइटचे तुकडे होईस्तोवर. माझ्या हातात रिसीव्हरची नुसती दोरी उरली तेव्हा त्याच्या पोरांनी मला पाडलं आणि माझ्या दोन बरगड्या मोडल्या. तेवढ्यात पोलीस पोचले म्हणून मी वाचलो. ठाण्यातल्या घटनांच्या वहीत त्या गावाची त्या दिवशीची पहिली नोंद अशी आहे की टेलिफोन खात्याच्या नोकरानं सरकारी टेलिफोन फोडला आणि इसमास मारहाण केली. खून त्याच्या खालच्या ओळीत आहे.

मला निलंबित केलं. पाटलाला मारल्याचा पस्तावा मला तेव्हाही नव्हता, आजही नाही. मी कमी मारलं.

आक्का परभणीच्या सरकारी दवाखान्यात होती. पंधरा दिवस तिनं एक शब्द काढला नाही. मग एका दुपारी माय तिचे केस विंचरत असताना ती आपण होऊन सांगायला लागली. वस्तीवर दगड सुरू झाले तेव्हा दाजींनीच म्हटलं, चल, पाटलाच्या फोनवरून भाऊला सांगू, तो जीप पाठवील. माझ्यावर एवढा भरवसा. दोघं मागच्या बोळानं तिथं गेले तर अंगणातच सगळे जमलेले. दाजींना खाली पाडलं. आक्का आडवी पडली, तिचा हात काठीनं मोडला. दाजी तेव्हा जिवंत होते, हात जोडत होते. आणि मधेच फोनची घंटी वाजली.

“सगळे थांबले,” आक्का म्हणाली. “मला वाटलं, सुटलो. एकजण काठी ठिवून वर गेला. चालू हाय म्हणला आन् परत आला. मंग त्यांनी ह्यांना...” तिनं प्लास्टरमधला हात मांडीवर ओढून घेतला. “सकाळचं कोण करतंय रे तसला फोन?”

मायचा हात फणीवरच थांबला. तिला समजलं होतं. मला खोटं बोलता आलं असतं.

“मी करतो,” मी म्हणालो. “मीच होतो.”

“मी वरडत व्हते की, भाऊ. जीव तोडून वरडत व्हते. तुला ऐकू आलं न्हाई?”

इथवर लिहिताना ही एक गोष्ट मी टाळत आलो. मला ऐकू आलं होतं. धापा टाकणाऱ्या त्या आवाजामागं एक बाई ओरडत होती. जुन्या तारांवर एका लाईनीचं बोलणं दुसरीत मिसळतं, आम्हाला त्याची सवय असते. काटा जागेवर होता. तपासायचं ते मी तपासलं होतं.

“आलं होतं,” मी म्हणालो.

“मंग त्यानं चालू हाय म्हणल्यावर तू काय म्हणलास?”

“बरं, म्हणलो.”

आक्का उठून बसली आणि चांगल्या हातानं मला मारायला लागली. तोंडावर, छातीवर, मोडलेल्या बरगड्यांवर. शेजारच्या खाटांवरचे लोक उठून बघायला लागले, नर्स धावत आली. मायनं आक्काला अडवलं नाही. मीही हात वर केला नाही.