सदर आराखडा मला मान्य आहे

पाटबंधारे खात्यात मी पस्तीस वर्षं नकाशे काढले. पाटणला असताना मी लोकांना सांगत असे की कोयनेचं धरण माझ्या पेन्सिलीवर उभं आहे. मी जरा जोरात खोडरबर घासला असता तर कऱ्हाडपर्यंतची माणसं पोहत घरी गेली असती. धरण झालं तेव्हा मी लंगोटात होतो. पण हा हिशेब कुणी केला नाही, आणि मी होऊन कशाला सांगू?

हिशेब करणारं एकच माणूस होतं, माझी थोरली बहीण. अक्का माधवनगरला असते. मिस्टर तिथल्या सूतगिरणीत होते, ते गेले. ती स्वतः शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. ती रोज सकाळी साडेसातला मला फोन करायची आणि मी काल कुणाला काय थाप मारली ते विचारून घ्यायची. कुणी रोज रक्तदाब बघतं, तसं.

आता मूळ गोष्ट. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आमची वडिलांची जागा आहे. घर पुढं, मागं बाग. मिळकत पत्रिकेवर दोन नावं, माझं आणि अक्काचं. तिनं कधी वाटा मागितला नाही, मी कधी तिला सही मागितली नाही. आमच्या भागात भावानं बहिणीला न मागितलेली सही ही मोठी गोष्ट असते. हक्कसोडपत्र म्हणतात त्याला. बहीण माहेरच्या जागेवरचा हक्क सोडते, बदल्यात साडीचोळी घेते आणि दारातनं पाहुणी होऊन बाहेर पडते. अक्काच्या गल्लीतल्या एका बाईनं तर नळाचा अर्ज समजून सही केली होती. ती गोष्ट अक्का मला वर्षातनं चारदा ऐकवायची, उगीचच.

निवृत्त झाल्यावर मी बागेत रेल्वे टाकायचं ठरवलं. खेळण्यातली, पण अशीतशी नाही. दोन रुळांत पंचेचाळीस मिलिमीटर अंतर, मांजराएवढं इंजिन, त्याच्या पोटात बॅटरी, आणि हातातल्या रिमोटवरनं बिनतारी चालवायची. बॅटरी पोटातच असल्यामुळं रुळांतनं वीज न्यायची भानगड नाही. चिखल होवो, पाणी साचो, गाडी पळणार. साताऱ्याच्या पावसात दुसरं काही टिकतच नाही. आमच्याकडं जुलैत कपडे वाळत घातले तर ते ऑक्टोबरात काढतात, तेही शेवाळासकट.

इंजिन आणलं. आता आराखडा. अळूच्या वाफ्यापासून पलीकडच्या पेरूपर्यंत बागेच्या बरोब्बर मधून लाइन न्यायची, दोन्ही टोकांना वळसा देऊन परत आणायची, असा बेत. वळणाची त्रिज्या काढणं हे गणिताचं काम, म्हणून टोकं मोकळी ठेवली. ती अक्का काढणार. लाइनीच्या अलीकडं एक स्टेशन, त्याला नाव दिलं ‘अ’. पलीकडं एक, त्याला ‘ब’. मथळा मी नेहमी मंजुरीनंतर शाईनं लिहितो, म्हणून वरची जागा कोरी. आणि उजवीकडं खाली, पस्तीस वर्षांच्या सवयीनं, चौकट आखून सुंदर अक्षरात लिहिलं: ‘सदर आराखडा मला मान्य आहे. माझी कोणतीही हरकत नाही. सही.’

अक्काला गंमत वाटेल म्हणून फोनवर रेल्वेचं कधी बोललो नव्हतो, आता बरोबर चिठ्ठीसुद्धा घातली नाही. कुरिअरनं पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी साडेसातला फोन आला नाही. चौथ्या दिवशी नाही. मी केला, तो वाजून वाजून बंद झाला. पाचव्या दिवशी बायको टेबल पुसायला आली आणि आराखड्याची प्रत बघून तिथंच उभी राहिली. फडकं हातात तसंच.

“आवं,” ती हळू आवाजात म्हणाली, “वन्संची सही कशाला घेताय?”

मी हसून सांगायला लागलो, आणि निम्म्यात माझंच हसू आटलं. कारण आता मीही तो कागद तिच्या डोळ्यांनी बघत होतो. वर मथळा नाही. आमच्या जागेची चतुःसीमा. मधोमध तुटक रेघ, जशी मोजणीवाले हद्दीची काढतात. एका बाजूला अ, दुसऱ्या बाजूला ब. आणि खाली, हरकत नाही, सही.

रेल्वेचा र सुद्धा कुठं नव्हता.

मी तडक अक्काला मोबाइलवर बोलून निरोप पाठवला. सगळं सांगितलं, बॅटरी, रिमोट, रूळ, वळणं. तिनं ऐकल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. मग दिवसभर काही नाही. संध्याकाळी तीन शब्द आले: ‘धरणासारखीच का रेल्वे?’

हे मात्र लागलं. जन्मभर मी जे जे बोललो त्यातलं पाव खरं असायचं, आणि लोक ते सगळं खरं मानून चहा पाजायचे. आता अख्खं खरं बोललो तर सख्खी बहीण मानेना. पुढचे आठ दिवस मला जेवण गेलं नाही. गेलं नाही म्हणजे चारच भाकरी. बायको दोन वेळा म्हणाली की माधवनगरला जाऊन या. पण जाऊन सांगणार काय? सांगणंच तर बुडालं होतं. इंजिन नेऊन दाखवावं म्हटलं, तर खेळणं दाखवून भुलवायला आलाय म्हणायची.

एका सकाळी फोन वाजला. गाडीचा खडखडाट, आणि त्यातनं अक्का.

“रहिमतपूर मागं पडलंय. स्टेशनावर येऊ नकोस. मी रिक्षानं येते.”

ती आली, हातात पिशवी, पिशवीत आराखडा आणि तीस मीटरची टेप. बायकोनं पाणी पुढं केलं, ते घेतलं नाही. आमच्यात दारात आलेलं जे माणूस पाणी घेत नाही, ते भांडायला आलेलं असतं किंवा सुतकात असतं. ती सरळ मागं बागेत गेली. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि पेरूपर्यंत चालत गेली. आकडा वाचला, कागदावरचा आकडा बघितला. दोन्ही जुळले. माझी मापं चुकत नाहीत, आणि त्या दिवशी तेच माझ्या विरुद्ध गेलं.

“सरळ सांग,” ती तिकडूनच म्हणाली. “कुणाला विकतोयस निम्मी?”

“अक्का, रेल्वे हाय ती.”

“तू मला चौथीत सांगितलेलंस की किल्ल्यावरच्या तळ्यात मगर हाय. मी दोन वर्षं त्या रस्त्यानं गेले न्हाई.”

“ती थाप होती. ही न्हाई.”

“फरक कसा कळायचा मला?”

मी आत जाऊन इंजिन आणलं. रूळ अजून आलेच नव्हते, म्हणून शहाबादी फरशीवर ठेवलं. बॅटरी खोक्यातनं काढल्यापासून एकदाही चार्ज केलेली नव्हती. लाइन पडल्याशिवाय हात लावायचा नाही असं मी ठरवलेलं. रिमोट अक्काच्या हातात दिला आणि इंजिनाचं बटण दाबलं. दिवा लुकलुकायला लागला. रिमोटची आणि इंजिनाची ओळख पटली की तो दिवा स्थिर होतो, असं पुस्तिकेत लिहिलेलं. तो स्थिर होईना. मी गुडघ्यावर, बायको दारात, अक्का रिमोट धरून ताठ उभी. आमच्या तिघांत फक्त तो दिवा हलत होता. त्या मिनिटात माझे उरलेले सगळे केस पांढरे झाले, आणि जे आधीच पांढरे होते ते गळाले.

दिवा स्थिर झाला. अक्कानं बटण फिरवलं. इंजिन कुरकुरलं, उलट्या दिशेनं निघालं, फरशीवरनं खडखडत सहा-सात हात गेलं आणि अळूच्या वाफ्यात नाकावर पडलं. चाकं हवेतच फिरत राहिली. तिनं बटण मागं घेतलं तेव्हा थांबली.

मग अक्कानं पिशवीतनं लाल पेन काढलं, पायरीवर बसून आराखडा गुडघ्यावर ठेवला आणि माझ्या चौकटीवर आडवं लिहिलं: ‘अमान्य. वळणाची त्रिज्या दाखवलेली नाही. मथळा नाही. दुरुस्त करून पुन्हा सादर करावे.’

मी सुटलो म्हणून श्वास सोडणार, तर ती म्हणाली, “इंजिन घेऊन पण माणसं जागा विकत्यात. मला मिळकत पत्रिकेची नक्कल बघायची. आजच्या आज. माझं नाव हाय का त्यावर, ते माझ्या डोळ्यानं.”

नाव आहे हे मला ठाऊक होतं. तरी भूमी अभिलेखच्या कचेरीत अर्ज देऊन बसलो तेव्हा मी अर्जाची पावती तीनदा वाचली. सरकारी कागदाचं काय सांगावं. मी स्वतः पस्तीस वर्षं ते केलेत. अक्का माझ्या शेजारी बसली नाही, समोरच्या बाकावर बसली, मांडीवर पिशवी घट्ट धरून. दीड तास आम्ही भाऊ-बहीण दोन अनोळखी पक्षकारांसारखे समोरासमोर. तिनं एकदाही वर बघितलं नाही. मी मात्र बघत होतो. ती किती वाळली होती ते मला फोनवर कधी कळलंच नव्हतं.

नक्कल आली. अक्कानं चष्मा पुसला, ओळीवर बोट ठेवलं. पहिलं नाव माझं. बोट खाली सरकलं आणि दुसऱ्या नावावर थांबलं, आणि तिथंच राहिलं. खिडकीतल्या कारकुनानं दोनदा म्हटलं, बाई, रजिस्टरला सही करा, मागं लोक आहेत. तेव्हा तिनं सही केली.

शेजारी रकाना होता, नक्कल कशासाठी हवी. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि लिहिलं: ‘आमच्या जागेतून रेल्वेची लाइन जाणार आहे.’

कारकुनानं ते वाचलं आणि खुर्चीतनं अर्धवट उठला. भूसंपादनाची नोटीस आली का, गट कुठले कुठले धरलेत, त्याच्या सासऱ्याचा प्लॉट तिकडंच आहे, असं सगळं एका दमात विचारलं.

“ह्याला विचारा,” अक्का म्हणाली. “आखणारा ह्यो हाय. आणि खरं सांग रं.”

अशी संधी माणसाला जन्मात एकदा येते. अख्खा सातारा मी त्या खिडकीतनं हलवला असता, पुण्यापासून कोल्हापूरपर्यंत मोर्चे निघाले असते. जिभेवर आलं होतं. गिळलं.

“अळूपासून पेरूपर्यंत,” मी म्हणालो.

त्याचा अर्थातच विश्वास बसला नाही.