पाच बिननावाची बटणं

माधवीच्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्याला रबरबँड असतो, साखरेच्या डब्याला नसतो. गॅसच्या बटणावर आच मंद होते तिथे टिकली चिकटवलेली. धाकटी नणंद किर्ती दृष्टी गेल्यावर चिखलोलीच्या या फ्लॅटमध्ये राहायला आली, तेव्हापासून कुणी डबा हलवला की माधवी नवऱ्यालाही सोडत नाही.

माधवी वेबसाइट बनवते. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या क्लासात ती वेबसाइटवर चित्रं हलवणारं फ्लॅश हे सॉफ्टवेअर शिकली, बाजारातल्या दुकानांच्या साड्या तिने पडद्यावर गोल फिरवल्या. मग ब्राउझरांनी फ्लॅश बंद केलं आणि एका जानेवारीत तिच्या अकरा वेबसाइटींवर रिकामे चौकोन उरले. चाळिशीत ती सगळं पुन्हा शिकली. तरी सकाळी चहाआधी एकेक साइट उघडून बघते, काही बंद तर पडलं नाही ना.

त्या गुरुवारी दुपारी ती भेंडी चिरत होती. आतल्या खोलीत किर्तीच्या लॅपटॉपवर, पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा आवाज एकच शब्द म्हणत होता. बटण. बटण. बटण. बटण. बटण. मग पुन्हा पहिल्यापासून.

किर्तीला टेलिफोनवरच्या नोकरीच्या प्रशिक्षणात जागा मिळाली होती. पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ सहापर्यंत पूर्ण ऐकला नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. माधवी दारात गेली आणि पडद्यावरचा निळा रंग बघून तिथेच थांबली. पान तिनेच बनवलं होतं. व्हिडिओ चालवणारं प्लगइन तिने तयार आणलं होतं, त्यातली चित्रांची बटणं गोंडस होती म्हणून. वाचणाऱ्या आवाजासाठी चित्रांना नावं द्यायची असतात हे तिला माहीत होतं. माउसने चाललं, म्हणून राहून गेलं.

"मी दाबून देऊ?" तिने विचारलं. पान आपलं आहे, हे मात्र तोंडातून निघालं नाही.

"पाचही दाबून झाली, काही होत नाही. आणि परीक्षा याच पानावर आहे, वहिनी. तिथे कोण दाबणार?"

चार वाजले होते. माधवीने आपल्या टेबलापाशी येऊन माउसची वायर काढली. किर्ती वापरते तशा नुसत्या कीबोर्डने एकही बटण दबेना. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या सुजितला फोन केला, तर तो म्हणाला, चालतंय ना, मग हात लावू नका. तिने लावला. प्लगइन काढून ब्राउझरचा स्वतःचा साधा प्लेअर बसवला. तिच्याकडे चालला, किर्तीच्या जुन्या लॅपटॉपवर मुका. व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करून पुन्हा चढवायला घेतला. सव्वापाच झाले तरी टक्के पुढे सरकेनात. लाइट गेली तर संपलंच.

पाच एकतीसला आतून लॅपटॉपचा आवाज आला, "चालू करा, बटण."

पंचवीस मिनिटं माधवी दाराबाहेर उभी राहिली. "पाठ पूर्ण" ऐकू आलं तेव्हा ती दारात आली. पण किर्तीने बाण दाबत खाली जाणं थांबवलं नाही.

"वेबसाइट निर्मिती, माधवी, चिखलोली," लॅपटॉप म्हणाला.

माधवीने चौकट धरली. "हे कधी ऐकलंस?"

"परवा. पाच बटणं ओलांडली की तुझंच नाव येतं. म्हटलं, मिठाच्या डब्याला रबर लावते, इथेही लावेल."

"आणि सहा वाजून गेले असते तर?"

किर्तीने लॅपटॉप मिटला. "भेंडी टाक आता."

माधवीने भेंडी टाकली नाही. माउसची वायर अजून लोंबत होती. तिने आपणच बनवलेली एका दुकानाची साइट उघडली, वाचणारा आवाज सुरू केला आणि कीबोर्डवरची टॅबची कळ दाबली.

बटण, तो म्हणाला.